घरगुती प्रवाळटाकीतील प्रवाळांच्या ऱ्हासाचे निदान

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत वाढवलेल्या जिवंत प्रवाळांचा रंग उतरू लागला, त्यांचे पॉलिप (तोंड आणि स्पर्शक असलेले इवले जीव) दिवसचे दिवस मिटलेले राहू लागले किंवा सांगाड्यावरचा मांसल थर सुटू लागला, तर त्यामागचे कारण निरीक्षण, मोजमाप आणि नोंदी यांच्या आधारे शोधून काढणे म्हणजे प्रवाळांच्या ऱ्हासाचे निदान. प्रवाळाकडे लक्षणे मोजकी असतात आणि कारणे पुष्कळ. पॉलिप मिटण्यामागे पाण्याची वाढलेली लवणता असू शकते, कुरतडणारा मासा असू शकतो किंवा आदल्या दिवशी बदललेला दिवाही असू शकतो. म्हणून एकाच लक्षणावरून औषध ओतणे हा या छंदातला सर्वांत महागात पडणारा दोष आहे, आणि मूळ बिघाडापेक्षा घाईने केलेल्या दुरुस्तीने गेलेले प्रवाळ कमी नसतात.

निदानाला प्रवाळाच्या शरीररचनेपासून सुरुवात करावी लागते. दगडी प्रवाळ म्हणजे अनेक पॉलिपांची वसाहत. हे पॉलिप पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरून अ‍ॅरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा सांगाडा घडवतात. त्यांच्या ऊतींमध्ये झूझँथेली हे सूक्ष्म सहजीवी शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा तपकिरी रंग या शैवालाचा असतो, तर हिरव्या-गुलाबी चमकदार छटा प्रामुख्याने प्रवाळाच्या स्वतःच्या रंगद्रव्यांच्या असतात. उष्णता किंवा तीव्र प्रकाश यांचा ताण असह्य झाला की प्रवाळ हे शैवाल गमावतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींनी १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत ते मोठ्या प्रमाणावर अनुभवले. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून सुमारे १ अंश सेल्सिअस अधिक ऊब काही आठवडे टिकली तरी विरंजन सुरू होते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन-तीनशे लिटरच्या टाकीला किती थोडा वाव असतो ते समजते.

पांढरेपणा दोन प्रकारचा असतो आणि त्यांतला फरक ओळखणे हा निदानाचा पाया आहे. वेव्हमेकर (पाण्यात लाटा उठवणारा पंप) बंद करून, पाणी शांत झाल्यावर भिंगातून पाहावे. विरंजनात मांसल थर जागेवरच असतो, मात्र काचेसारखा पारदर्शक झाल्याने आतला सांगाडा दिसतो. रात्री अशा प्रवाळाचे स्पर्शक अजूनही बाहेर येतात, म्हणजे तो जिवंत आहे आणि वाचू शकतो. दुसऱ्या प्रकारात थरच गळून गेलेला असतो, सांगाड्याच्या बारीक कडा उघड्या पडतात आणि काही दिवसांत त्यांवर हिरवट-तपकिरी शेवाळ धरते. या शेवाळामुळे ऱ्हासाचा वेग वाचता येतो. बुंध्याकडचा भाग शेवाळलेला, त्यावर पांढऱ्याशुभ्र सांगाड्याचा अरुंद पट्टा आणि त्यावर जिवंत थर असेल तर मृत्यू सावकाश वर सरकत आहे. संपूर्ण फांदी एका रात्रीत शुभ्र झाली असेल तर आदल्या एक-दोन दिवसांत नेमके काय घडले, याचा शोध घ्यावा.

यानंतरचा प्रश्न व्याप्तीचा. टाकीतले सगळेच प्रवाळ एकाच वेळी मिटले असतील तर दोष पाण्यात किंवा दिव्यांत शोधावा. एकाच जातीचे कोमेजले असतील तर कीड किंवा रोग संभवतो, आणि एकाच प्रवाळाची एकच बाजू मेली असेल तर त्या बाजूला शेजारी कोण आहे ते पाहावे. गॅलेक्सियासारखे प्रवाळ रात्री लांब दंशक स्पर्शक सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात, तर सार्कोफायटनसारखे मऊ प्रवाळ विषारी रसायने पाण्यात सोडतात. दंश दिवसा दिसत नसल्यामुळे दिवे मालवल्यावर तासाभराने लाल प्रकाशाच्या टॉर्चने पाहणी करण्याची सवय फार उपयोगी पडते. प्रवाळ ठीक दिसत असताना झिंगे अचानक मेले असतील तर विषबाधेचा संशय बळावतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये झुरळांसाठी होणाऱ्या फवारणीत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात आणि ती कवचधारी प्राण्यांना अत्यंत घातक असतात. त्यामुळे आठवड्याभरात घरात पेस्ट कंट्रोल, रंगकाम किंवा पॉलिश झाले होते का, हे पाण्याच्या चाचणीआधी विचारावे.

पाण्याच्या मोजमापांत पहिला मान लवणता आणि तापमान यांचा, कारण ही दोन चुकली की बाकी आकड्यांना अर्थ उरत नाही. लवणता ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) आसपास आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, टाकीवाल्यांच्या बोलण्यातला ‘केएच’, ७ ते ११ डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), मॅग्नेशियम सुमारे १,२५० ते १,३५० पीपीएम, नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम आणि अमोनिया शून्य, अशा सर्वसाधारण मर्यादा मानल्या जातात. मात्र आकडा मर्यादेत आहे की नाही, यापेक्षा तो स्थिर आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. रोज ७.५ असलेला केएच सहसा त्रास देत नाही. सोमवारी ७ आणि गुरुवारी १०.५ झालेला केएच अ‍ॅक्रोपोरा या फांद्या फुटणाऱ्या दगडी प्रवाळाची टोके जाळतो, विशेषतः नायट्रेट-फॉस्फेट जवळपास संपलेल्या ‘अति स्वच्छ’ टाकीत. उपकरणांचीही परीक्षा घ्यावी लागते. लवणता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा, टेस्ट किटची मुदत पाहावी आणि रंग निळ्या एलईडीखाली न वाचता खिडकीजवळच्या उजेडात वाचावा. अनपेक्षित आकडा आला तर दुसऱ्या किटने पडताळल्याशिवाय काहीही ओतू नये.

मुंबईच्या हवामानाने या मोजमापांना स्वतःचे वळण दिले आहे. एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसलेल्या टाकीचे पाणी दिवे आणि पंपांच्या उष्णतेने ३० अंशांच्या वर सहज जाते. पाण्यावर पंखा लावून थंडावा मिळवण्याची युक्ती बाष्पीभवनावर चालते, म्हणून दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ती लंगडी पडते. ज्या दिवसांत बाष्पीभवन जोरात होते, त्या दिवसांत धोका लवणतेला असतो. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. शिमग्याला चार दिवस गावी गेलेल्या कुटुंबाच्या २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडाले आणि टॉप-अपची (उडालेल्या पाण्याची भर घालण्याची) बादली पहिल्याच दिवशी कोरडी पडली, तर ३५ची लवणता परतेपर्यंत ३७च्या आसपास गेलेली असते. असे कुटुंब घरी येऊन मिटलेले प्रवाळ पाहते आणि रोगाचे औषध शोधू लागते.

टॉप-अपसाठी महापालिकेचे नळाचे पाणी थेट वापरता येत नाही. भातसा, वैतरणा, तानसा या जलाशयांतून येणारे पाणी पिण्यासाठी क्लोरीनयुक्त केलेले असते, आणि इमारतीच्या टाक्या, जुने पाइप व पितळी नळ यांतून त्यात धातूंचे अंश उतरू शकतात. तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना अगदी अल्प प्रमाणातही विषारी असते. म्हणून आरओ (सूक्ष्म पडद्यातून गाळणे) आणि डीआय (उरलेले क्षार रेझिनने काढणे) या दोन्ही टप्प्यांतून गेलेले, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारे पाणी वापरतात. पिण्याच्या पाण्याचा घरगुती प्युरिफायर या कामाचा नाही, कारण त्यातून विरघळलेले क्षार बऱ्याच प्रमाणात मुद्दाम राखले जातात. चाचण्या ठीक असूनही प्रवाळ खंगत असतील तर गंजलेले चुंबक शोधावे. काच पुसण्याच्या किंवा पंप धरून ठेवणाऱ्या चुंबकाचे प्लॅस्टिक फुगून चीर पडलेली आणि तिथे तांबूस डाग आलेला आढळला, की बहुतेक वेळा उत्तर मिळालेले असते.

एसीसाठी दिवसरात्र बंद ठेवलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच ७.८ पर्यंत किंवा त्याखाली उतरतो. याची खात्री करण्याची साधी पद्धत अशी : टाकीचे पेलाभर पाणी गॅलरीत नेऊन त्यात तासभर एअरपंपाने हवा सोडावी आणि पीएच पुन्हा मोजावा. तो वाढला तर दोष खोलीतल्या हवेचा आहे, आणि उपाय रसायनात नसून खिडकी उघडण्यात किंवा स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या उपकरणाची) हवेची नळी बाहेर काढण्यात आहे. वीज जाण्याचा प्रसंग शहरात विरळा असला तरी १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोसळून मुंबई काही तास अंधारात होती. प्रवाह थांबला की प्राणवायू झपाट्याने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअरपंप टाकीशेजारीच असावा.

रंगावरून पोषण आणि प्रकाश यांचा अंदाज करता येतो. मूळचा निळा किंवा जांभळा प्रवाळ तपकिरी होत असेल तर शैवाल वाढले आहे, म्हणजे पोषक द्रव्ये जास्त आहेत किंवा प्रकाश कमी पडतो आहे. सर्व रंग एकसारखे फिके पडत असतील तर उलट स्थिती समजावी. केवळ वरच्या, दिव्याकडच्या बाजू पांढऱ्या आणि सावलीतला भाग रंगीत असेल तर प्रकाशच अधिक झाला आहे.

किडींचा शोध नव्या खरेदीपासून सुरू होतो. अ‍ॅक्रोपोरावर चापट कृमी, माँटिपोरा या दगडी प्रवाळावर पांढरे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी), झोअँथिड या बटणांसारख्या मऊ पॉलिपांवर त्याच रंगाचे न्यूडिब्रँक, असे खाणारे जीव यजमानाशी इतके मिसळून जातात की प्रवाळ हातात घेऊनही दिसत नाहीत. पांढऱ्या ताटलीत टाकीचे पाणी आणि डिपचे (कीड मारण्यासाठी प्रवाळ बुडवण्याचे) द्रावण घेऊन त्यात प्रवाळ बुडवावा आणि पिचकारीने त्यावर झोत मारावा. गोल, फिकट, नखाएवढ्या चकत्या तळाशी वळवळू लागल्या तर फांद्यांवरचे बारीक गोलाकार फिके ठिपके हे चाव्यांचेच होते, हे सिद्ध होते. डिपने अंडी मरत नाहीत. ती मेलेल्या बुंध्यावरून खरवडावी लागतात आणि प्रक्रिया दर आठवड्याला एकदा, अशी अनेक आठवडे करावी लागते. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरणे अत्यावश्यक आहे. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, आणि झोअँथिड चिकटलेला दगड उकळल्यास किंवा त्यावर गरम पाणी ओतल्यास त्याच्या वाफेने घरातली माणसे गंभीर आजारी पडू शकतात.

रोगांपैकी ‘ब्राउन जेली’ सर्वांत सहज ओळखता येतो. युफिलिया या मोठ्या पॉलिपांच्या दगडी प्रवाळाच्या एका मुखावर तपकिरी, शेंबडासारखा, कुजका वास मारणारा थर धरतो आणि एक-दोन दिवसांत शेजारच्या मुखावर जातो. पंप बंद करून तो थर नळीने शोषून बाहेर काढावा, बाधित फांदी निरोगी भागापर्यंत कापून वेगळी करावी. अ‍ॅक्रोपोराचा थर तासातासाने सुटत असेल तेव्हाही कारण सापडण्याची वाट न पाहता निरोगी टोके कापून दुसरीकडे लावणे, एवढाच भरवशाचा उपाय उरतो.

प्रवाळ कुठून आला, हाही निदानाचा भाग आहे. भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत आणि ते काढणे वा विकणे गुन्हा आहे. म्हणून कागदपत्रांशिवाय मिळणारा, बुंध्याशी ओबडधोबड तुटलेला, खडकासकट आलेला तुकडा घेऊ नये. मुंबईच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवण्यात आल्या. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या कापून वाढवलेले फ्रॅग (प्रवाळाचे तुकडे) सहसा अधिक तगतात, आणि त्यांचा इतिहास विचारता येत असल्यामुळे त्यांचे निदानही सोपे होते.

कारण सापडल्यावर दुरुस्ती सावकाश करतात. केएच दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक, तापमान १ अंशापेक्षा अधिक आणि लवणता १ पीपीटीपेक्षा अधिक बदलू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. सुधारणेचा क्रम ठरलेला आहे. आधी रात्री पॉलिप उघडू लागतात, मग काही आठवड्यांनी रंग परततो, आणि शेवटी जिवंत थराची कड फुगीर, फिकट होऊन उघड्या सांगाड्यावर पुढे सरकू लागते. ही कड केसाकेसाने सरकत असल्याने डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून काचेवर एक खूण करून, त्याच जागेवरून आणि त्याच उजेडात दर रविवारी छायाचित्र घेतात आणि महिन्याभराची चार छायाचित्रे शेजारी ठेवून पाहतात.