डीएमए चालू करा म्हणे!

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, बदलला आणि हार्ड डिस्क रखडू लागली, की एक सल्ला हमखास मिळतो: एचडीपार्म या डिस्क-सेटिंगच्या आज्ञेने डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डिस्क आणि मेमरीत थेट माहिती नेण्याची सोय) चालू करा. हा सल्ला आयडीई या जुन्या डिस्क-जोडणीच्या ड्रायव्हरच्या काळातला. तेव्हा डिस्कचं नाव एचडीए असायचं आणि डीएमए कधीकधी खरंच बंद राहायचं. पुढे लिबएटीए आलं, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरांचा नवा संच. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २००७ साली, एचडीएची एसडीए झाली. जुना ड्रायव्हर तर २०२१ साली कर्नल ५.१४ मधून काढूनच टाकला. लिबएटीए डीएमए स्वतःच ठरवतं. तुमची आज्ञा ते सरळ नाकारतं. तेव्हा दिसणारा एरर म्हणजे बिघाड नव्हे!

ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम. त्यातला 'एलिव्हेटर=' (डिस्कची कामं कोणत्या क्रमाने करायची ते ठरवणारा) पर्यायही असाच; ५.० नंतरच्या कर्नलमध्ये त्याचा काही उपयोग होत नाही.

मग पाहायचं काय? डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा. सहा गिगाबिटची साटा लिंक (डिस्कची संगणकाशी असलेली जोडणी) दीड गिगाबिटवर उतरवल्याची नोंद दिसली, तर आधी केबल बदला. स्मार्टमधला, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींतला, १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा (माहिती नेताना झालेल्या चुकांची मोजणी) वाढत असेल, तरी संशय बहुधा केबलवरच. कर्नल बिचारा फुकट बदनाम होतो. खात्रीच हवी असेल तर ग्रबमधून जुना कर्नल निवडून डिस्क तशीच रखडते का ते पाहा.