ॲनोड की कॅथोड? खूण प्लस-मायनसला बांधू नका

भाची लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करायली. दिवाळीला गावाकडं आली तेव्हा म्हणाली, "मामा, सर म्हणायलेत डॅनियल सेलमधी ॲनोड मायनस असतो, मग दहावीत आपण त्याला धनाग्र काहून म्हणत होतो?" प्रश्न एकदम बरोबर आहे, मराठी मिडीयममधून सायन्सला गेलेल्या पोरांचा पाय इथंच अडकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहावीत धनाग्र (ॲनोड) आणि ऋणाग्र (कॅथोड) ही सेलमधल्या दोन टोकांची नावं येतात ती विद्युत अपघटनात. म्हणजे बाहेरून बॅटरी जोडायची आणि जे आपोआप होत नाही ते जबरदस्तीनं करून घ्यायचं, जसं पाण्याचं अपघटन, कॅथोडला हायड्रोजन, ॲनोडला ऑक्सिजन आणि हायड्रोजन दुप्पट. इथं बॅटरी ॲनोडमधून इलेक्ट्रॉन ओढून घेते, त्यामुळं ॲनोड प्लस, धनाग्र हे नाव फिट बसतं.

बारावीत गॅल्व्हनिक सेल येतो आणि सगळं उलटं वाटायला लागतं. इथं बाहेरची बॅटरी नाही, सेल स्वतःच करंट देतो. डॅनियल सेल त्यातलाच, एका बाजूला झिंकचा रॉड, दुसऱ्या बाजूला कॉपरचा. झिंकचा अणू दोन इलेक्ट्रॉन रॉडवरच सोडून द्रावणात उतरतो, मागं राहिलेल्या त्या इलेक्ट्रॉनमुळं झिंकचा रॉड मायनस होतो, तरी तो ॲनोडच. समोरचा कॉपर प्लस आणि तो कॅथोड, दोघांमधी स्टँडर्ड कंडिशनला १.१० व्होल्ट.

मग दोन्ही सेलमधी न बदलणारं काय? एवढंच: ॲनोडवर ऑक्सिडेशन (इलेक्ट्रॉन सोडणं), कॅथोडवर रिडक्शन (इलेक्ट्रॉन घेणं). कुठलाही सेल घ्या. मायकल फॅरेडेनं १८३४ मध्ये हे शब्द वापरात आणले तेव्हा ग्रीकवरून घेतले होते, ॲनोड म्हणजे वर जायची वाट, कॅथोड म्हणजे खाली जायची वाट, त्यात धन-ऋण कुठंच नाही. आपल्या मराठी शब्दात मात्र चिन्ह घुसलं आणि पोरं तेच धरून बसली. माझं स्पष्ट मत आहे, बारावीला धनाग्र-ऋणाग्र डोक्यातून बाजूला ठेवा.

आता लक्षात ठेवायची युक्ती. क्लासमधी इंग्रजीतली "ॲन ऑक्स, रेड कॅट" सांगतात, एक बैल आणि लाल मांजर, चांगली आहे, पोळ्याचा बैल डोळ्यासमोर आणला की पक्की बसते. पण मला आपल्या बाराखडीतली जास्त आवडते. ॲनोड, ऑक्सिडेशन, दोन्ही स्वरानं सुरू होतात. कॅथोड, रिडक्शन, दोन्ही व्यंजनानं, आणि त्यांची पहिली अक्षरं जोडली की "कर". शाळेत रिडक्शनला क्षपण शिकलेल्यांना तर अजून सोपं, क्ष फोडला की त्यात क् सापडतो, कॅथोडचाच क. स्वराला स्वर, व्यंजनाला व्यंजन, बास. आयनला पण हेच चालतं, कॅटायन (प्लस आयन) कॅथोडकडं आणि ॲनायन (मायनस आयन) ॲनोडकडं, दोन्ही सेलमधी.

गणित सोडवताना क्रम महत्त्वाचा. आधी बघायचं इलेक्ट्रॉन कोण सोडतंय, मग त्याला ॲनोड म्हणायचं, आणि चिन्ह सगळ्यात शेवटी, सेल करंट देणारा आहे का घेणारा ते बघून. देणारा असेल तर ॲनोड मायनस, घेणारा असेल तर प्लस. पोरं चिन्हापासून सुरू करतात आणि तिथंच मार्क जातात.

घरात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी, आमच्याकडं लाईट जातच असते त्यामुळं सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या टर्मिनलवरचं प्लस कधीच बदलत नाही, पण आतलं काम बदलतं. बॅटरी वापरात असताना प्लस प्लेटवरच्या लेड डायऑक्साइडचं रिडक्शन होऊन लेड सल्फेट बनतं, आणि चार्जिंगला लावली की त्याच प्लेटवर लेड सल्फेटचं ऑक्सिडेशन होऊन परत लेड डायऑक्साइड. प्लेट तीच, चिन्ह तेच, नाव मात्र फिरतं.

हे सांगून झाल्यावर भाचीला विचारलं, लाईट गेली, पंखा इन्व्हर्टरवर चालू आहे, प्लस टर्मिनल कोण? तिनं बोटावर क-र केलं आणि म्हणाली, "कॅथोड. अन् लाईट आली की ॲनोड."