निरोधाचे पाकीट आणि धंद्यातल्या बाईचा हिशेब

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली मद्रासमध्ये झाली, ती देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांचे ते काम वैद्यकदृष्ट्या मोलाचे होते. पण 'रोग पसरवणारी बाई' हा शिक्का या स्त्रियांवर बसला तोही तेव्हापासूनच. प्रतिबंधाच्या साधनांकडे त्या ज्या सावधपणे पाहतात, त्याचे मूळ बरेचसे या शिक्क्यात आहे.

निरोध त्यांना नवा नव्हता. 1968 पासून सरकारने तो तीन नगांना 15 पैसे अशा दराने विकायला आणला होता आणि लाल त्रिकोणाच्या जाहिरातींमुळे तो नवरा-बायकोच्या संसारातली वस्तू म्हणून ओळखीचा झाला होता. तीच वस्तू नव्वदच्या दशकात रोगाच्या नावाने वस्तीत आली. निरोध वापरण्याचा उपदेश बाईला होई, वापरायचा मात्र गिऱ्हाइकाने. जादा पैसे देऊन तो नको म्हणणारे गिऱ्हाईक, ते परत गेले तर तोटा मोजणारी घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, आणि धाडीत सापडलेली पाकिटे 'पिटा' या देहव्यापार प्रतिबंधक कायद्याखाली पुरावा म्हणून मांडणारे पोलीस, या तिघांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईने पाकीट उशाखाली ठेवावे की ठेवूच नये, असा तो प्रश्न होता. त्याला अज्ञान म्हणणे सोयीचे होते, इतकेच.

हे चित्र बदलले ते वाटप करणारे हात बदलल्यावर. 1992 मध्ये सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने आणि त्याच साली कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांच्या प्रकल्पाने हे काम धंद्यातल्या बायकांकडेच सोपवले. एकटीने नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते, सगळ्यांनी म्हटले तर त्याला जायला जागा उरत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. सांगलीच्या कामातून 1996 मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. तरी 'मालका'शी, म्हणजे कायमच्या जोडीदाराशी, निरोध वापरणे अवघडच राहिले, कारण तो वापरला की मालक आणि गिऱ्हाईक यांत फरक तो काय उरला?

नव्या औषधांविषयीचा संशयही निराधार नव्हता. नॉनॉक्सिनॉल-9 या शुक्राणुनाशक जेलने एचआयव्ही रोखता येतो का, याची चाचणी आफ्रिकेतील आणि थायलंडमधील अशाच स्त्रियांवर झाली आणि 2000 साली निष्कर्ष आला की वारंवार वापराने धोका उलट वाढतो. कंबोडियात टेनोफोव्हिर या एचआयव्ही रोखू पाहणाऱ्या गोळीच्या चाचणीआधी तिथल्या स्त्रियांनी दीर्घ मुदतीच्या वैद्यकीय विम्याची मागणी लावून धरली. 2004 मध्ये ती चाचणीच रद्द झाली.

पुढे सोनागाचीत आणि म्हैसूरमध्ये रोजच्या प्रतिबंधक गोळीचे, म्हणजे प्रेपचे, पथदर्शी प्रकल्प झाले. निरोधासाठी गिऱ्हाइकाला राजी करावे लागते, गोळी मात्र बाईच्या स्वतःच्या हातात राहते. पण गोळी आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक निरोध टाळेल, ही भीती त्यांना आहे. शिवाय ती औषधे एचआयव्हीच्या उपचारातलीच, म्हणजे पाहणारा तिला रोगीच समजणार. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये असे बजावल्यावर पाकीट उशाखाली ठेवायला निदान कायद्याचा आधार तरी मिळाला. गोळ्यांची बाटली शेजारणीच्या नजरेस पडली, तर तिला काय सांगायचे हे मात्र बाईलाच ठरवावे लागते.