जेंटियस: दहा टॅलंटांवर गेलेले राज्य

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील इलिरियन राजांची ताकद लेम्बसमध्ये होती. लेम्बस म्हणजे वल्ह्यांवर चालणारी हलकी, वेगवान नाव; एकीत पन्नासेक माणसे बसत. व्यापारी जहाजे लुटायला ती सोयीची, म्हणूनच रोमने इ.स.पू. २२८ मध्ये राणी ट्यूटाकडून कबूल करून घेतले की लिससच्या (आजचे लेझा, अल्बानिया) दक्षिणेला दोनपेक्षा जास्त लेम्बस जाणार नाहीत, आणि त्याही निःशस्त्र.

नंतरचा इलिरियन राजा प्ल्यूराटस रोमशी जुळवून राहिला. त्याचा मुलगा जेंटियस इ.स.पू. १८१ च्या सुमारास स्कोड्राच्या (आजचे श्कोडर, अल्बानिया) गादीवर आला आणि घडी विस्कटली. डाल्मेटी ही टोळी लगेच फुटून निघाली. १८० मध्ये रोमन प्रेटर (वरिष्ठ अधिकारी व सेनापती) ड्युरोनियसने चाचेगिरीचे खापर त्याच्यावर फोडले. शेजारच्या दार्दानियन राजाच्या मुलीशी सोयरीक जुळून भाऊ डोईजड होईल, या धास्तीने जेंटियसने भावालाच संपवले.

पुढे मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याचे रोमशी युद्ध पेटले. त्याला जेंटियस हवा होता, जेंटियसला रोकड. सौदा ठरला ३०० टॅलंटांवर, म्हणजे साधारण पावणेआठ हजार किलो चांदी. मॅसिडोनियाची राजधानी पेल्लात ती मोजून इलिरियन दूतांच्या मोहरा लावल्या गेल्या. पण हातात पडले १० टॅलंट. बाकीच्या गाड्यांना रमतगमत जाऊन सरहद्दीवर थांबण्याचा हुकूम होता. जेंटियसने तेवढ्या विसारावर दोन रोमन दूतांना कैद केले. जेंटियसचे परतीचे दोर कापले गेले, हे पाहताच पर्सियसने उरलेली चांदी परत वळवली. हा कंजूषपणा त्यालाही महागात पडला.

१६८ मध्ये प्रेटर अनिशियस चालून आला. लिससला जमवलेले १५,००० सैनिक असूनही जेंटियस स्कोड्रात शिरला. दोन बाजूंनी नद्या आणि पक्की तटबंदी असलेले हे शहर. तटावर राहून लढले असते तर रोमनांचा घाम निघाला असता. पण इलिरियन वेस उघडून बाहेर पडले, हरले, आणि पळताना वेशीतल्या चेंगराचेंगरीत दोनशेहून अधिक मेले. जेंटियसने तीन दिवसांची मुदत मागितली. दुसरा भाऊ कारावान्टियसची कुमक येईल अशी आशा होती. ती आली नाही. त्याने शरणागती पत्करली.

मोहीम तीस दिवसांत आटोपली. युद्ध सुरू झाल्याची बातमी पोहोचण्याआधीच रोमला विजयाची बातमी कळली, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. २२० लेम्बस जप्त होऊन कॉर्सिरा, अपोलोनिया आणि डिऱ्हाकियम या ग्रीक शहरांना वाटल्या गेल्या. इलिरियाचे तीन तुकडे झाले. राजाला जाणारा कर निम्मा करून तो रोमला लावला. इस्सा बेटासारख्या वेळेवर रोमकडे वळलेल्यांना करमाफी मिळाली. १६७ च्या विजययात्रेत जेंटियसला बायकामुलांसह मिरवले आणि नंतर इटलीतल्या इग्युवियमला नजरकैदेत ठेवले.