सॅल्मनची पिल्लं वाढवताना: मोठी टाकी मागवण्याआधी वाचा

हंगामाच्या मध्यावर आम्हाला येणारे फोन बहुतेक एकाच तऱ्हेचे असतात. ‘पिल्लं चार महिन्यांची झाली, आता रोज मरतायत. मोठी टाकी कधी मिळेल?’ टाक्या, अंड्यांचे ट्रे आणि डिगॅसिंग कॉलम (पाण्यातला जादा वायू बाहेर काढणारे उभे नळ) विकणं हाच आमचा धंदा आहे. तरीही पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो: अंडी किती तापमानाला ठेवली होती आणि पिल्लांना पहिलं खाद्य कधी दिलं? चौथ्या महिन्यात दिसणाऱ्या मरीचं मूळ पुष्कळदा ट्रेमध्ये किंवा पाइपात सापडतं. तिथे ते राहिलं, तर नवी टाकी महिनाभराची उसंत देते, एवढंच. पत्रक लिहिण्याचं कारण हे. आमच्या मालाची यादी वेगळी आहे, ती इथे नाही.

अंडी

सॅल्मनच्या अंड्यांचा हिशेब दिवसांत करू नका, अंश-दिवसांत करा. रोजचं सरासरी तापमान मिळवत जायचं, इतकंच. अटलांटिक सॅल्मनच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला ५०० अंश-दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे पाणी ८ अंश सेल्सिअस असेल तर दोन महिने, ५ अंश असेल तर तीन महिन्यांहून थोडं जास्त. साधारण निम्म्या वाटेवर अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे.

फलनानंतर अंडी पाणी पिऊन टणक होतात. पहिल्या एक-दोन दिवसांत ती हलवता येतात. त्यानंतर डोळे दिसेपर्यंत ट्रेला हात लावू नका. या काळात बसलेला हलका धक्काही आतल्या गर्भाला पुरतो. डोळे आले की मात्र मुद्दाम धक्का द्यायचा: अंडी एका भांड्यातून दुसऱ्यात थोड्या उंचीवरून ओतायची. फलन न झालेली अंडी दुसऱ्या दिवशीपर्यंत पांढरी पडतात आणि वेचून काढता येतात. ती राहिली तर सॅप्रोलेग्निया ही बुरशी त्यांच्यावर धरते आणि कापसासारखी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. पूर्वी यावर मॅलाकाइट ग्रीन सर्रास वापरत. खाण्याच्या माशांसाठी ते आता अनेक देशांत बंद आहे, आणि आम्हीही पुरवत नाही. कृपया विचारू नका.

लवकर पिल्लं मिळावीत म्हणून पाणी गरम करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अटलांटिक सॅल्मनची अंडी ८ अंशांच्या वर नेली, की कणा, जबडा आणि हृदयातली व्यंगं वाढतात. ती ट्रेमध्ये दिसत नाहीत. मासा मोठा झाल्यावर, हाताळताना आणि लस टोचताना दिसतात. वाचवलेले दोन आठवडे तिथे परत द्यावे लागतात.

आता एक फार कमी लोक पाळतात ती गोष्ट. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोटाला बलकाची पिशवी घेऊन येतं. नदीत ते गोट्यांच्या फटीत, अंधारात, हालचाल न करता पडून असतं. गुळगुळीत ट्रेमध्ये त्याला टेकायला काही मिळत नाही. ते एका कुशीवरून दुसरीवर लोळत राहतं, कोपऱ्यात एकमेकांवर चढतं, आणि अंगाच्या वाढीसाठी असलेला बलक वळवळीत जाळून टाकतं. ट्रेच्या तळाशी खरखरीत जाळी किंवा प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा घाला आणि वर झाकण ठेवा. पिल्लं शांत पडून राहतात आणि खायला लागतात तेव्हा अंगाने भरलेली असतात. या पत्रकातली सर्वांत स्वस्त सुधारणा हीच. तो तुकडा आमच्याकडूनच घ्यायला हवा असंही नाही.

पाणी

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण जास्तीत जास्त गैरसमज इथेच आहेत.

‘आमचं पाणी झऱ्याचं आहे, काचेसारखं स्वच्छ’ हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात बहुधा ऑक्सिजन कमी असतो आणि नायट्रोजन जास्त. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. पाण्यात विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब हवेच्या दाबापेक्षा वाढला, की तो जादा वायू माशाच्या रक्तात बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. परांच्या कडांना बारीक फोड, बाहेर आलेले डोळे, बलकाच्या पिशवीत बुडबुडा शिरून उलटी तरंगणारी पिल्लं: ही त्याची लक्षणं. १०५ टक्क्यांच्या वर दाब कधीच नको, आणि लहान पिल्लांसाठी तो १०० च्या जितका जवळ राहील तितका बरा.

वायूचा दाब वाढण्याची दोन कारणं तुमच्याच आवारात असतात. पंपाच्या शोषणाच्या बाजूला पाइपाचा सांधा सैल असेल, तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि दाबाखाली ती पाण्यात विरघळवतो. दुसरं कारण हीटर. ५ अंशाचं हवेने पूर्ण भरलेलं पाणी बंद पाइपात १२ अंशांपर्यंत तापवा. गरम पाण्यात वायू कमी मावतो, पण बाहेर पडायला वाट नाही. त्यामुळे तेच पाणी टाकीत ११५ टक्क्यांच्या आसपास दाब घेऊन येतं. म्हणून हीटर मागवणाऱ्याला आम्ही डिगॅसिंग कॉलमबद्दल आधी विचारतो. कॉलम हीटरच्या पुढे, टाकीच्या आधी बसवायचा. हीटरच्या अलीकडे बसवून समाधानी झालेले ग्राहकही पाहिले आहेत.

ऑक्सिजन कुठे मोजता, हेही तितकंच महत्त्वाचं. पुष्कळ ठिकाणी सकाळी, खाद्य देण्याआधी, पाणी आत येतं तिथे मीटर बुडवतात. तिथे आकडा नेहमीच चांगला येतो. मोजायचं ते पाणी बाहेर पडतं तिथे, आणि खाद्य दिल्यानंतरच्या तासांत, कारण मासा तेव्हाच सर्वांत जास्त ऑक्सिजन घेतो. बाहेर जाणाऱ्या पाण्यात लिटरला ७ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. १० अंशाला पूर्ण भरलेल्या पाण्यात ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, १५ अंशाला १०.१. पाणी तापलं की साठा घटतो आणि माशाची भूक वाढते. उन्हाळ्यातली कात्री ती हीच.

अमोनियाचा आकडा सामूशिवाय वाचू नका. विषारी असतो तो अमोनियाचा आयनरहित भाग, आणि तो सामूप्रमाणे बदलतो. १० अंशाला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा सुमारे ०.२ टक्के भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की सुमारे २ टक्के. एकाच चाचणीपट्टीचा तोच आकडा, पण एका हॅचरीत निवांत झोपावं आणि दुसरीत रात्रीच पाणी वाढवावं, इतका फरक. यात एक गंमत आहे. कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला की सामू चढतो आणि त्याबरोबर हा विषारी भागही. पण तेवढ्यासाठी कार्बन डायऑक्साइड साचू देऊ नका. तो वाढत राहिला, की माशाच्या मूत्रपिंडात चुन्याचे खडे धरतात.

पहिला घास

बलकाची पिशवी जवळजवळ संपली आणि पोटाची फट मिटत आली, की पिल्लू वर पोहायला लागतं. खाद्य देण्याची वेळ ती. लवकर दिलं तर खाद्य तळाशी कुजतं आणि बुरशी कल्ल्यांवर बसते. उशीर झाला तर पिल्लू खायचं विसरतं: डोकं मोठं, अंग सुईसारखं, आणि समोर खाद्य असूनही तोंड उघडत नाही. अशा पिल्लांना परत वळवणं आम्हाला तरी क्वचितच जमलेलं पाहायला मिळालं. म्हणून टाकीतल्या सर्वांत पुढच्या पिल्लाकडे किंवा सर्वांत मागच्याकडे पाहून ठरवू नका. वीस-तीस पिल्लं बशीत घेऊन पोटं पाहा.

सुरुवातीला दाणा बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, आणि दिवसभर थोडा थोडा. स्वयंचलित खाद्ययंत्र घ्या, आम्ही विकतोच. पण पहिले दोन आठवडे दिवसातून काही वेळा हातानेही द्या. पिल्लं दाण्याकडे कशी झेपावतात ते यंत्र पाहत नाही. उरलेलं खाद्य त्याच दिवशी बाहेर गेलं पाहिजे. कल्ल्यांचे जिवाणूजन्य आजार हे गर्दी आणि उरलेलं खाद्य यांची जोडी जमली की येतात. मग औषध विचारायला फोन येतो.

पिल्लं खात आहेत, पाणी ठीक आहे, आणि तरी ती गोल गोल फिरत तळाशी पडतात, असं झालं तर आईच्या आहाराकडे वळा. २०२० च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या हॅचऱ्यांत चिनूक सॅल्मनची पिल्लं अशीच फिरताना दिसली. कारण निघालं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, याची कमतरता. समुद्रात माद्यांच्या खाण्यात अँकोव्ही हा मासा फार झाला होता आणि त्यात थायमिन मोडणारं एन्झाइम असतं. थायमिनच्या पाण्यात ठेवल्यावर पिल्लं सावरली. बाल्टिक समुद्रातल्या सॅल्मनमध्ये १९७४ साली पहिल्यांदा दिसलेल्या अशाच कमतरतेच्या आजाराला एम-७४ म्हणतात.

जागा आणि प्रवाह

लांबट काँक्रीटच्या हौदात पाणी एका टोकाने येतं आणि दुसऱ्याने जातं. वरच्या टोकाला चांगलं पाणी, खालच्या टोकाला सगळ्यांचं उष्टं. दांडगे मासे वर, दबलेले खाली. गोल टाकीत पाणी सगळीकडे सारखं असतं, मळ मधोमध जमून निघून जातो, आणि मुख्य म्हणजे प्रवाह तुमच्या हातात राहतो. पिल्लू सेकंदाला स्वतःच्या अंगाच्या लांबीइतकं पोहेल असा प्रवाह ठेवा. ६ सेंटिमीटरचा मासा असेल तर सेकंदाला ६ सेंटिमीटर. सगळे एका दिशेला तोंड करून पोहतात, एकमेकांच्या परांना चावे घेणं कमी होतं, स्नायू घट्ट होतात. पाठीवरचा पर कुरतडलेला दिसला की आधी प्रवाह आणि खाद्याच्या वेळा तपासा, गर्दी कमी करण्याचा विचार त्यानंतर.

मासे नदीत सोडणाऱ्यांसाठी

विक्रीसाठी मासे वाढवणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

नदीत सोडायचं पिल्लू मोठं आणि गलेलठ्ठ असणं ही पुष्कळदा अडचण असते. भरभर वाढलेल्या चिनूक नरांपैकी बरेच समुद्राकडे जाण्याआधीच वयात येतात आणि नदीतच राहतात. त्यांना खाऊ घातलेलं सगळं वाया. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा नदीच्या हॅचरीत हे नीट अभ्यासलं गेलं आहे. शरद ऋतूपासून खाद्य आणि त्यातली चरबी आवरती घेणं हा त्यावरचा उपाय.

टाकीत दगड, पाइपाचे तुकडे, प्लॅस्टिकची झाडं टाकावीत का, असं विचारलं जातं. नॉर्वेतल्या प्रयोगांत अशा टाक्यांत वाढलेली अटलांटिक सॅल्मनची पिल्लं भूलभुलैयातून वाट काढण्यात सरस ठरली. उपयोग आहे, पण सफाई अवघड होते. ती तुमच्या माणसांना झेपेल तरच करा, आणि वस्तूंच्या जागा अधूनमधून बदला. आणखी एक अभ्यास आम्हाला फार आवडतो: ओरेगॉनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लोखंडी पाइपांमुळे बिघडलेल्या चुंबकीय क्षेत्रात वाढलेल्या स्टीलहेडच्या (समुद्रात जाणाऱ्या रेनबो ट्राउटच्या) पिल्लांना दिशा धरता आली नाही. आमच्या टाक्या फायबरच्या आहेत, तरी एवढ्यावरून तुमच्या टाक्या बदला असं आम्ही म्हणणार नाही. नवी जोडणी करताना लोखंड टाकीपासून लांब ठेवलं तर खर्च काहीच नाही.

माशाला घराची वाट वासाने सापडते, आणि तो वास स्मोल्ट होण्याच्या, म्हणजे पिल्लू समुद्रात जायला तयार होण्याच्या, दिवसांत मनात ठसतो. सत्तरच्या दशकात कोहो सॅल्मनच्या पिल्लांना मॉर्फोलिनसारख्या रसायनाच्या वासाची सवय लावली गेली. मोठे झाल्यावर ते मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या त्याच वासाच्या ओढ्यात परतले. तेव्हा पिल्लांना ज्या नदीत परत बोलवायचं, तिचं पाणी त्यांना त्या आठवड्यांत मिळालं पाहिजे. ट्रकने नेऊन खाडीत सोडलेले मासे परतताना भलत्याच नद्यांत शिरतात. अंगावरचे गडद पट्टे विरून रंग चांदीसारखा झाला, की सोडण्याची मुदत थोडीच उरते. टाकी रिकामी करायची तारीख कार्यालय ठरवतं, मासा नव्हे, हे दुखणं जुनं आहे.

एक गोष्ट आमच्या कुठल्याही उपकरणाने सुधारणार नाही. ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवरचा २००७ चा अभ्यास सांगतो, की बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नैसर्गिक नदीत संतती देण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरते. म्हणून मादीगणिक वेगळा नर घ्या. अनेक नरांचं शुक्रद्रव एका भांड्यात मिसळलं, तर जोरदार शुक्राणूंचा एखादाच नर बहुतेक अंडी फलित करतो, आणि वहीत दहा बाप असले तरी पिल्लांत एक-दोनच निघतात.

रोगांबद्दल दोन शब्द

डोळे आलेली अंडी आणताना आयोडीनच्या द्रावणात (आयोडोफोर, १०० पीपीएम) १० मिनिटं ठेवा. सामू आधी तपासा, आम्लधर्मी द्रावण अंडी मारतं. हे फक्त वरचं कवच धुतं. रेनिबॅक्टेरियमसारखा जिवाणू अंड्याच्या आत असतो, त्याला आयोडीन पोचत नाही. त्यासाठी मादीचीच चाचणी करावी लागते आणि बाधित मादीची अंडी टाकून द्यावी लागतात.

मागणी नोंदवताना सोबत पाठवा

पाणी आत येतं आणि बाहेर पडतं अशा दोन्ही ठिकाणचं तापमान, ऑक्सिजन आणि सामू, वायूच्या एकूण दाबाचं मोजमाप, लिटरमध्ये प्रवाह, माशाची जात आणि सरासरी वजन, आणि गेल्या हंगामातली अंडी किती अंश-दिवसांना फुटली. दाब मोजायचं मीटर नसेल तर आमचं आठवडाभर वापरायला देऊ. हे आकडे हाती आल्याशिवाय आम्ही टाकीचा आकार सांगत नाही.