कॅल्शियम पोषण, अंड्यावरील कोंबड्यांचे

कवच व हाडे यांसाठी अंड्यावरील कोंबडीला होणारा कॅल्शियमचा पुरवठा आणि तिच्या शरीरात चालणारी त्याची देवघेव. सुमारे ६० ग्रॅमच्या अंड्याचे कवच ५.५ ते ६ ग्रॅम भरते; त्यात २ ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. खाल्लेले सगळेच शोषले जात नाही, म्हणून रोज ४ ग्रॅमच्या आसपास द्यावे लागते व लेअर खाद्यात (अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात) त्याचे प्रमाण ३.५ ते ४.५ टक्के ठेवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये रोजची गरज ३.२५ ग्रॅम धरली होती. जास्त अंडी देणाऱ्या आजच्या संकरित कोंबड्यांसाठी चढा आकडाच योग्य वाटतो.

खरी अडचण वेळेची आहे. अंडे कवचग्रंथीत सुमारे २० तास राहते आणि कवचाचा बराचसा थर रात्री, खाणे बंद असताना चढतो. ही तूट भरून काढते मज्जास्थी. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकाच्या प्रभावाने लांब हाडांच्या पोकळीत ही ठिसूळ, जाळीदार अस्थी तयार होऊ लागते. काइस व पॉटर या संशोधकांनी १९३४ मध्ये कबुतरांत तिचे वर्णन केले. (टायरॅनोसॉरस या डायनासोरच्या मांडीच्या हाडात अशीच ऊती सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर वाद झाला.) कवचातील किती कॅल्शियम हाडांतून येते, याचे अंदाज मात्र जुळत नाहीत. कॉमार व ड्रिगर्स यांनी १९४९ मध्ये किरणोत्सारी कॅल्शियम वापरून त्याचा मागोवा घेतला होता. हा वाटा खाद्य आणि दिवसाची वेळ यांनुसार बदलतो, त्यामुळे एकच टक्केवारी सांगणे धाडसाचे. मज्जास्थीला ‘कॅल्शियमची पेढी’ म्हणण्याची प्रथाही अर्धवटच बरोबर आहे. हाड विरघळवणाऱ्या अस्थिभक्षक पेशी मज्जास्थी व आधारास्थी (शरीराचा भार पेलणारे हाड) असा भेद काटेकोरपणे पाळत नाहीत. अंड्यांचा हंगाम लांबतो तशी आधारास्थी झिजते आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्या पायांनी अधू होतात.

म्हणून कॅल्शियमचा काही भाग भरड द्यावा. चुनखडीचे वा शिंपल्याचे २ ते ४ मिमी. तुकडे पेषणीत (खाद्य दळणाऱ्या जठराच्या भागात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. पीठ लवकर पुढे सरकते. उतरत्या दुपारी कोंबड्या खाद्यपात्रात भुसा बाजूला सारून नेमके हे तुकडे वेचताना दिसतात.

कवचातील कार्बोनेट चुनखडीतून थेट येत नाही, ते रक्तातील कार्बन डायऑक्साइडपासून बनते. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, तो वायू निघून जातो व कवच पातळ होते. अशा वेळी नुसती चुनखडी वाढवून भागत नाही.

तलंगांना (अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्यांना) वाढीच्या काळात सुमारे १ टक्का कॅल्शियम पुरते. लेअर खाद्य फार लवकर सुरू केल्यास मूत्रपिंडे बिघडून गाऊट (शरीरात युरिक आम्ल साचण्याचा विकार) होऊ शकतो. फॉस्फरस व ड३ जीवनसत्त्वही लागते; ड२ पक्ष्यांना फारसे उपयोगी पडत नाही.