भरतपूरच्या मातीच्या तटाजवळ घर किंवा जागा असेल तर : बांधकाम-दुरुस्तीच्या ना-हरकत प्रमाणपत्राची माहिती

जानेवारी १८०५ मध्ये यशवंतराव होळकर राजस्थानातल्या भरतपूरच्या राजा रणजितसिंहांकडे आश्रयाला होते आणि इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक तटाबाहेर तळ ठोकून होता. दीड महिन्यात इंग्रजांनी चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. त्यांची तीन हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. लेकला अडवलं ते मातीच्या रुंद तटाने आणि पाण्याने भरलेल्या खंदकाने. दगडी तटाचे चिरे तोफेने निखळतात, इथे गोळे मातीत रुतून बसत आणि पडलेलं खिंडार आतली माणसं पुन्हा भरून काढत. हा किल्ला पडला तो १८२६ मध्ये, तटाखाली सुरुंग उडवल्यावर.

मराठ्यांची एवढी मोठी आठवण सांभाळणारा हा तट आज मोठ्या धोक्यात आहे, कारण तो पाहणाऱ्याला तट वाटतच नाही. बाहेरच्या तटाचा, म्हणजे तिथले लोक ज्याला कच्चा परकोटा म्हणतात त्याचा, बराच भाग वस्तीखाली गेला आहे. दगडी बुरुजाला हात लावायला माणूस कचरतो, पण मातीचं टेकाड जेसीबीने सपाट करताना कुणाला काही वाटत नाही. म्हणून परवानगीची ही प्रक्रिया नीट समजून घ्या.

अंतर कुठून मोजायचं

भरतपुरातली किल्ल्याची तटबंदी, भोवतालचा खंदक, चौबुर्जा दरवाजा, तिथले पूल आणि अनाह दरवाजाजवळचा फतेह बुर्ज ही केंद्र-संरक्षित स्मारकं आहेत. त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. मोजणी दरवाजापासून किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतीपासून होत नाही, संरक्षित हद्दीच्या कडेपासून होते. इथे खंदकही संरक्षित आहे हे विसरू नका. पुष्कळांचा हिशोब इथेच चुकतो. जागा घेण्याआधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात हद्दीची खात्री करून घ्यावी.

अर्ज कोण करू शकतो

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम करता येत नाही. घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल, किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेलं असेल, तर मालकाला फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. जुनं घर पाडून त्याच जोत्यावर पुन्हा उभं करणं कायद्याच्या लेखी पुनर्बांधकाम आहे, दुरुस्ती नाही. त्यामुळे अर्जात ‘दुरुस्ती’ लिहून आख्खं घर उतरवू नका. विनियमित क्षेत्रात मात्र घराच्या किंवा जमिनीच्या मालकाला नवं बांधकाम, पुनर्बांधकाम आणि दुरुस्ती या सगळ्यांसाठी अर्ज करता येतो.

खुद्द संरक्षित हद्दीत केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय खोदकामही चालत नाही, मग जमीन कुणाच्याही नावावर असो.

कागदपत्रं आणि अर्ज

मालकीचा पुरावा सगळ्यात आधी तयार ठेवा : खरेदीखत, पट्टा किंवा राजस्थानातली जमाबंदीची (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीची) नक्कल. प्रतिबंधित क्षेत्रातल्या घरासाठी ते १९९२ पूर्वीचं असल्याचा पुरावाही लागतो. जुनी घरपट्टीची पावती किंवा विजेचं बिल घरात असेल तर जपून ठेवा. सोबत जागेचा नकाशा, इमारतीचे दर्शनी आणि छेद-नकाशे, सध्याचे फोटो आणि स्मारकापासूनचं अंतर द्यायचं. उंची लिहिताना जिन्यावरची खोली, कठडा आणि पाण्याची टाकी धरून एकूण उंची लिहावी. तळघर हवं असेल तर त्याची खोलीही सांगावी. मातीच्या तटाजवळ खोल खणणं किती घातक ठरू शकतं ते वेगळं सांगायला नको.

अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ऑनलाइन प्रणाली आहे. सक्षम प्राधिकारी १५ दिवसांत अर्ज प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस देतं आणि त्यानंतर महिनाभरात परवानगी किंवा नकार कळतो. नकार देण्याआधी अर्जदाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, तेव्हा नकाशे घेऊन जा आणि उंची किंवा खोली कमी करायची तयारी ठेवा.

हे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आलं तरी शहराच्या स्थानिक प्रशासनाची बांधकाम परवानगी वेगळी घ्यावीच लागते. आणि परवानगीविना काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शनिवारवाडा, रायगड, सिंधुदुर्ग हेही केंद्र-संरक्षित आहेत, त्यामुळे त्यांच्या आसपास जागा असलेल्यांना हेच नियम आणि हीच प्रक्रिया लागू आहे.